डंख मुलीचा, जनुक कुणाचं?

मधमाश्यांतल्या नराला नांगी नसते. अंडी घालण्याच्या अवयवातूनच नांगी घडली आहे, त्यामुळे ती मादीकडेच असणार. नर पहारा देत नाही, कुणाच्या अंगावर धावून जात नाही. नशीब असेल तर आयुष्यात एकदा, उंच हवेत, त्याचं राणीशी मीलन होतं. त्यात त्याचं जननांग तुटतं आणि तो मरून खाली पडतो. राणी त्याचे शुक्राणू पोटातल्या एका पिशवीत साठवते आणि पुढे वर्षानुवर्षं पुरवून वापरते. म्हणजे मुली जन्माला येतात तेव्हा हा बाप कधीचाच गेलेला असतो. तरीही पोळ्याजवळ आलेल्या प्राण्यावर त्या मुली किती चटकन तुटून पडतील, हे ठरण्यात त्याचा हात असतो. काही संकरांत तर आईपेक्षा त्याचंच पारडं जड भरतं.

‘मग त्यात काय नवल, बापाचे गुण मुलीत येतातच,’ असं कुणी म्हणेल. पण प्रश्न तो नाही. तेच जनुक आईकडून आलं तर एक परिणाम आणि बापाकडून आलं तर दुसरा, असं होतं का, हा प्रश्न आहे. शाळेत शिकलेल्या आनुवंशिकतेत याला जागाच नाही. मेंडेलने वाटाण्याचे संकर दोन्ही बाजूंनी करून पाहिले होते: उंच झाडाचे परागकण बुटक्या झाडाच्या फुलावर आणि बुटक्याचे उंचाच्या फुलावर. निकाल सारखाच आला. कोणती प्रत कुणाकडून आली, याने वाटाण्याचं काही अडलं नाही. (मेंडेल मधमाश्याही पाळायचा. पण राणीचं मीलन हवेत, नजरेआड होतं. बाप कोणता हे ठरवणं त्याच्या हातात नव्हतं. वाटाणा निवडला हे बरंच झालं.)

प्राण्यांत मात्र असं नेहमी चालत नाही. गाढव बाप आणि घोडी आई यांचं पिल्लू म्हणजे खेचर. घोडा बाप आणि गाढवीण आई यांचं पिल्लू म्हणजे हिनी. मालमसाला तोच, पण दोघांच्या ठेवणीत फरक असतो. १९८४ मध्ये उंदरांच्या भ्रूणांवरच्या प्रयोगांतून हे आणखी ठळक झालं. भ्रूणाला गुणसूत्रांचे दोन्ही संच आईकडचेच दिले किंवा दोन्ही बापाकडचेच दिले, तर तो नीट वाढतच नाही. सस्तन प्राण्यांत अशी काही जनुकं आहेत की ज्यांची फक्त आईकडची किंवा फक्त बापाकडचीच प्रत चालू राहते आणि दुसरी गप्प असते. याला जीनोमिक इम्प्रिंटिंग म्हणतात. जनुकावर ते कुठून आलं याची जणू खूण राहते, आणि पेशी त्या खुणेकडे बघून ते चालू ठेवायचं की बंद, हे ठरवते.

मधमाशीत असं काही आहे का, हे शोधण्याचं कारण तिचं घराणंच तसं विचित्र आहे.

घराण्याचं गणित

इथे आपण पेटीत पाळल्या जाणाऱ्या, मूळच्या युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या माशीबद्दल बोलतो आहोत. तिचं शास्त्रीय नाव एपिस मेलिफेरा. आग्या मोहोळ ही वेगळी जात, तिचा इथे संबंध नाही.

राणीने घातलेलं अंडं फलित असेल तर त्यातून मादी निघते, म्हणजे कामकरी माशी किंवा पुढची राणी. अंडं फलित नसेल तर नर. नराला बापच नसतो. हे १८४५ मध्ये योहान झिएरझोन नावाच्या एका धर्मगुरूने मांडलं आणि तेव्हा ते अनेकांच्या पचनी पडलं नाही. मादीकडे ३२ गुणसूत्रं असतात, निम्मी आईची आणि निम्मी बापाची. नराकडे १६च, तीही सगळी आईकडून आलेली. आपल्याकडे शुक्राणू तयार होताना आई-बापाकडून आलेल्या गुणसूत्रांची सरमिसळ होते. नराकडे मिसळायला दुसरा संचच नाही. म्हणून त्याचा प्रत्येक शुक्राणू म्हणजे त्याच्या संपूर्ण वारशाची झेरॉक्स असते. एक दुसऱ्यापेक्षा वेगळा नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, नराला मुलगे कधीच होत नाहीत. होतात त्या मुलीच. दोन, एकाच बापाच्या सगळ्या मुलींमध्ये बापाकडचा अर्धा भाग तंतोतंत सारखा असतो.

आता यात राणीची बाजू मिसळा. राणी एका नरावर थांबत नाही. उडत्या मीलनात ती साधारण बारा ते वीस नरांशी जुगते, कधी त्याहूनही जास्त. त्यामुळे एका पोळ्यात डझनभर तरी पोटघराणी नांदत असतात: आई एक, बाप वेगवेगळे. आपण पोळ्याकडे एक कुटुंब म्हणून बघतो, पण आत सावत्र बहिणींचाच भरणा असतो.

एका कामकरी माशीच्या शरीरातल्या दोन जनुक-प्रतींच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. आईकडून आलेली प्रत शेजारच्या बहिणीत असण्याची शक्यता निम्मी. ती बहीण सख्खी असो वा सावत्र, आई एकच असल्याने हिशोब बदलत नाही. बापाकडून आलेल्या प्रतीचं तसं नाही. शेजारची सख्खी असेल तर तिच्यात ती प्रत हमखास आहे. सावत्र असेल तर मुळीच नाही. पंधरा बाप असतील तर सहज भेटलेली बहीण सख्खी निघण्याची शक्यता पंधरात एक. भावांच्या बाबतीत तर काही प्रश्नच नाही, कारण भावाला बाप नाही. बापाकडची प्रत त्याच्यात कधीच असणार नाही.

म्हणजे एकाच माशीच्या एकाच पेशीत शेजारी-शेजारी बसलेल्या दोन प्रतींचं पोळ्याशी असलेलं नातं वेगवेगळं आहे. आईकडच्या प्रतीला हे पोळं बऱ्यापैकी आपलं वाटावं असं आहे. बापाकडच्या प्रतीसाठी पोळ्यातले बहुतेक जण परके. हा फरक पुढे फार उपयोगी पडणार आहे, पण आधी राग म्हणजे काय ते बघू.

राग मोजायचा कसा

माशीला राग येतो, असं आपण बोलताना म्हणतो. अभ्यासक ‘संरक्षण’ म्हणतात, आणि त्याचे टप्पे असतात. दोन-तीन आठवड्यांची झाली की काही कामकरी माश्या दाराशी पहाऱ्याला उभ्या राहतात. आत येणाऱ्या माशीला त्या मिशांनी चाचपतात. वास परका असेल तर हाकलतात. मोठा प्राणी जवळ आला तर त्यांच्यातली एखादी नांगी बाहेर काढते, आणि नांगीजवळच्या ग्रंथीतून धोक्याचा गंध सुटतो. त्यातला मुख्य घटक आयसोपेंटाइल ॲसिटेट, ज्याला पिकल्या केळ्यासारखा वास येतो. हा वास पोचताच आतून माश्यांची फौज बाहेर पडते. पेटी उघडण्याआधी धूर देतात त्यामागचं एक कारण हेच: धुरामुळे हा गंध माश्यांना नीट कळत नाही.

सस्तन प्राण्याच्या कातडीत नांगी रुतली की तिचे मागे वळलेले काटे अडकतात. माशी उडायला जाते तेव्हा नांगी, विषाची पिशवी आणि तिला चालवणारे स्नायू तिच्या पोटातून उपटून मागे राहतात. माशी मरते. मागे राहिलेली पिशवी धडधडत विष ढकलत राहते आणि सोबत गंधही सोडत राहते. मग पुढच्या माश्या नेमक्या तिथेच येऊन डसतात.

प्रयोगात याचाच उपयोग करून घेतात. काळ्या मऊ चामड्याचा एक तुकडा दोरीला बांधून पेटीच्या दाराशी मिनिटभर हलवत ठेवायचा. मग तो उचलून त्यात रुतलेल्या नांग्या मोजायच्या. शांत पोळ्याच्या चामड्यात थोड्याच सापडतात, चिडक्या पोळ्याच्या चामड्यावर त्यांची दाटी होते. पद्धत साधी असली तरी बनवाबनवीला वाव नाही, कारण प्रत्येक नांगीमागे एका माशीचा जीव गेलेला असतो.

हवामान, फुलोऱ्याची चणचण, पोळ्याचा आकार, राणी आहे की नाही, या सगळ्यांनी हा आकडा खालीवर होतो. त्यामुळे जनुकांचा हात दाखवायचा तर तुलना काटेकोर लागते.

ब्राझीलमधून सुटलेली पोळी

ती तुलना शक्य झाली एका अपघातामुळे. १९५६ मध्ये ब्राझीलचे आनुवंशिकीतज्ज्ञ वॉरविक केर यांनी आफ्रिकेतून राण्या आणल्या. युरोपातल्या माश्या उष्ण कटिबंधात फारशा रुळत नव्हत्या. आफ्रिकी उपजातीशी संकर करून तिथल्या हवेला साजेशी माशी काढावी, असा त्यांचा विचार होता. १९५७ मध्ये साओ पावलो राज्यातल्या रिओ क्लारोजवळून २६ पोळी राण्यांसकट निसटली. पुढच्या तीन दशकांत त्यांची संतती दक्षिण आणि मध्य अमेरिका पार करत गेली आणि ऑक्टोबर १९९० मध्ये टेक्सासमध्ये पोचली. या ‘आफ्रिकीकृत’ माशीचा एक डंख युरोपीय माशीच्या डंखापेक्षा काही जास्त विषारी नसतो. फरक आहे तो संख्येत आणि वेगात: ती लवकर चिडते, मोठ्या संख्येने बाहेर पडते आणि लांबपर्यंत पाठलाग करते.

अभ्यासकांच्या दृष्टीने याचा अर्थ असा की एकाच जातीचे दोन वंश मिळाले, एक शांत आणि एक तापट, आणि त्यांचा संकर होतो. मग वाटाण्याचीच युक्ती वापरता येते. एका बाजूला युरोपीय राणी आणि आफ्रिकीकृत नर, दुसऱ्या बाजूला आफ्रिकीकृत राणी आणि युरोपीय नर. हवेतल्या मीलनावर भरवसा न ठेवता राणीला कार्बन डायऑक्साइडने गुंगी आणतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली, बारीक नळीने, हव्या त्या नराचं वीर्य तिच्यात सोडतात. हवं तर एकाच नराचं. दोन्ही संकरांतल्या मुलींकडे केंद्रकातली जनुकं निम्मी युरोपीय आणि निम्मी आफ्रिकी. मेंडेलचं गणित खरं असेल तर दोन्हींचा स्वभाव सारखा हवा.

तो सारखा निघाला नाही. एर्नेस्तो गुझमान-नोव्होआ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात, ज्यांचा बाप आफ्रिकी वंशाचा होता ते संकर, ज्यांचा बाप युरोपीय होता त्यांच्यापेक्षा जास्त आक्रमक होते. चामड्यातल्या नांग्या तेच सांगत होत्या. तापटपणा बापाच्या वाटेने आला तर जास्त जोरात येतो, असं चित्र दिसलं.

इथे एक अडचण आहे, आणि ती ओलांडून पुढे पळणारे पुष्कळ. दोन संकरांत फक्त बाप बदललेला नाही, आईसुद्धा बदलली आहे. आणि आईकडून केवळ गुणसूत्रं येत नाहीत. अंड्याचा सगळा द्रव तिचा, आणि पेशीला ऊर्जा पुरवणारी मायटोकॉन्ड्रिया ही सूक्ष्म अंगंही तिचीच. मायटोकॉन्ड्रियाला स्वतःची थोडी जनुकं असतात आणि ती आईकडूनच मिळतात. म्हणजे पहिल्या संकरात मायटोकॉन्ड्रिया युरोपीय, दुसऱ्यात आफ्रिकी. तेव्हा ‘बापाचा प्रभाव’ म्हणून जे दिसतं ते खरोखर बापाकडच्या प्रतीवरच्या खुणेमुळे, की आईच्या मायटोकॉन्ड्रियाशी बापाची जनुकं न जुळल्यामुळे? चामडं हलवून याचं उत्तर मिळत नाही.

एका पेशीतली ओढाताण

आता मघाचं नात्याचं गणित काढू. जीवशास्त्रज्ञ डेव्हिड हेग यांनी मांडलेला विचार थोडक्यात असा. एखाद्या वागणुकीचा फायदा नातेवाइकांना होत असेल आणि आईकडच्या व बापाकडच्या प्रतींचं त्या नातेवाइकांशी नातं वेगळं असेल, तर त्या वागणुकीबाबत दोन प्रतींचं हितही वेगळं. पिढ्यान्‌पिढ्या निवड होत गेली की आईकडून आल्यावर एका दिशेला ओढणारी आणि बापाकडून आल्यावर दुसऱ्या दिशेला ओढणारी जनुकं टिकून राहतात. कुणी मुद्दाम ओढत नाही. जे जास्त टिकलं ते उरलं, एवढंच.

मधमाशीला लावून बघा. कामकरी माशी पोळ्यासाठी राबते, स्वतः अंडी घालत नाही. हा त्याग आईकडच्या प्रतीला परवडतो, कारण पोळ्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बहिणीत आणि भावात ती निम्म्या शक्यतेने आहे. बापाकडच्या प्रतीला मात्र ही कामकरी माशी स्वतःच अंडी घालेल तर बरं. राणी मेली आणि नवी तयार झाली नाही तर कामकऱ्यांच्या अंडाशयांना खरोखरच जाग येते आणि त्या नर निपजणारी अफलित अंडी घालू लागतात. म्हणजे अशा वेळी अंडाशय वाढवणाऱ्या जनुकांत बापाकडच्या प्रती जास्त बोलक्या असाव्यात, असं भाकीत निघतं.

पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या डेव्हिड गॅलब्रेथ आणि क्रिस्टिना ग्रोझिंगर यांच्या गटाने २०१६ मध्ये हे तपासलं. आई-बापांची जनुकं आधी वाचून ठेवायची. नराकडे एकच संच असल्याने त्याचं वाचन सोपं. मग मुलीच्या पेशीत जनुकांपासून तयार होणारे आरएनएचे तुकडे मोजायचे आणि प्रत्येक तुकडा आईच्या प्रतीचा की बापाच्या, हे अक्षरांतल्या बारीक फरकावरून ओळखायचं. खरी कसोटी दोन्ही बाजूंच्या संकरांत लागते. आफ्रिकी प्रत दोन्हीकडे वरचढ असेल तर तो वंशाचा परिणाम. बापाची प्रत, मग ती आफ्रिकी असो वा युरोपीय, दोन्हीकडे वरचढ असेल तरच तो बापाचा परिणाम. या कसोटीवर, राणी नसलेल्या पोळ्यात अंडाशय जागे झालेल्या माश्यांमध्ये बापाकडच्या प्रतींकडे झुकलेली जनुकं जास्त सापडली. भाकीत जुळलं. त्याआधी २०१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या दोन उपजातींच्या संकरांतही मुलीच्या अंडाशयाच्या आकारावर बापाची छाप दिसली होती. २०२३ मध्ये पेन स्टेटच्याच गटाने राणीची सेवा करणाऱ्या आणि न करणाऱ्या माश्यांची तुलना केली, तिथेही ओढाताण अपेक्षित दिशेनेच निघाली: सेवेच्या बाजूला आईच्या प्रती.

इथवर गोष्ट छान जमते. आणि मग राग येतो.

डसणं म्हणजे पोळ्यासाठी जीव देणं. कामकरी माशीच्या त्यागाचं याहून टोकाचं उदाहरण नाही. मघाच्याच गणिताने आईकडच्या प्रतीने ‘डस’ म्हणावं आणि बापाकडच्या प्रतीने ‘कशाला मरतेस परक्यांसाठी’ म्हणावं. पण चामड्यातल्या नांग्या उलटं सांगतात: आफ्रिकी वारसा बापाकडून आला की डंख वाढतात. ‘स्वार्थी बापाची जनुकं मुलींना भांडखोर बनवतात’ अशी मांडणी वाचायला चटपटीत असली तरी सिद्धांताशी ती सरळ जुळत नाही, हे आधी मान्य करायला हवं.

मला यात जास्त वजनदार वाटतो तो दुसरा धागा, ऊर्जेचा. १९९३ मध्ये जॉन हॅरिसन आणि ग्लेन हॉल यांनी दाखवलं होतं की आफ्रिकी-युरोपीय संकर माश्यांची उडताना ऊर्जा वापरण्याची क्षमता दोन्ही मूळ वंशांच्या मध्ये कुठेतरी नसते, ती दोघांपेक्षाही कमी भरते. पेशीतल्या ऊर्जानिर्मितीच्या यंत्रणेतली काही प्रथिनं केंद्रकातल्या जनुकांवरून बनतात आणि काही मायटोकॉन्ड्रियाच्या. ती एकमेकांत नीट बसली पाहिजेत. दोन वंशांची सरमिसळ झाली की ती बसणी ढिली होऊ शकते.

याचा रागाशी काय संबंध? २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धोक्याचा गंध दिलेल्या माश्या, वयाने मोठ्या माश्या आणि आफ्रिकीकृत माश्या या तिन्ही जास्त आक्रमक गटांच्या मेंदूंची तुलना केली होती. ज्या जनुकांचं काम खालीवर झालं होतं त्यांतली बरीच तिन्हींत समान होती, आणि ऊर्जानिर्मितीशी संबंधित जनुकं मंदावलेली होती. पुढे २०१४ मध्ये औषध देऊन ही ऊर्जायंत्रणा मुद्दाम मंद केली, तेव्हा माश्या जास्त आक्रमक झाल्या. फळमाशीच्या मेंदूतल्या पेशींत तीच यंत्रणा जनुकीय मार्गाने मंद केली, तर तीही भांडू लागली. थकलेली माशी चिडते, असा सोपा अर्थ काढू नका. हा मेंदूच्या पेशींच्या आतल्या रसायनाचा मामला आहे. पण दुवा ठोस आहे.

आता मूळ कोड्याकडे. २०१५ मध्ये ग्रेग हंट यांच्या गटाने या संकरांतल्या जनुकांच्या वापराची छाननी केली. कुठल्या ना कुठल्या प्रतीकडे झुकलेली जनुकं पाचशेहून अधिक निघाली. त्यांतल्या दोनशेहून अधिक जनुकांत पेशी आईकडची प्रत जास्त वापरत होती, पण हे फक्त एकाच बाजूच्या संकरात: आई युरोपीय आणि बाप आफ्रिकी वंशाचा असेल तेव्हा. उलट संकरात असं काही नाही. चयापचय आणि आक्रमकपणा यांतली तफावतही याच धर्तीवर, याच बाजूला झुकलेली होती.

नीट बघा, गंमत आहे. सगळ्यात चिडका संकर तोच, ज्यात पेशी आफ्रिकी बापाची प्रत बाजूला सारून युरोपीय आईचीच प्रत जास्त वापरते आहे. म्हणजे ‘बापाचं जनुक जोरात बोलतं म्हणून राग’ हे चित्र इथे मोडतं. अभ्यासकांनी सुचवलेला अर्थ असा की आईचा पेशीद्रव आणि बापाची केंद्रकातली जनुकं यांच्यातला संवाद बिघडतो, त्या बिघाडात ऊर्जायंत्रणा ढेपाळते आणि राग हा त्याचा परिणाम असू शकतो. बापाचा प्रभाव आहेच. फक्त तो आदेशासारखा नसून विसंगतीसारखा आहे.

अंडाशय आणि सेवा यांत मला नात्याची ओढाताण पटते. रागात निदान या दोन वंशांच्या संकरापुरती तरी जुळणीतली गडबड जास्त पटते. दोन्ही एकाच वेळी खरं असायला काही हरकत नाही. एकच वंश वापरून, मायटोकॉन्ड्रिया न बदलता केलेली तुलना हाच या दोन शक्यता वेगळ्या करण्याचा सरळ मार्ग आहे.

सस्तन प्राण्यांत जनुकावरची खूण बहुधा डीएनएवर चिकटलेल्या मिथाइल गटांची असते. मधमाशीत ही मिथाइलची व्यवस्था आहे खरी, २००६ मध्ये तिचा जनुकसंच वाचला गेला तेव्हाच ते कळलं होतं. पण आपल्या मानाने फार विरळ. आणि संकरांत तपासलं तर या खुणा आई की बाप यापेक्षा वंश कोणता यावर जास्त अवलंबून दिसतात. त्यामुळे लक्ष आता डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेलं असतं, त्यांच्यावरच्या खुणांकडे वळलं आहे.

एकटी माशी चिडत नाही

या सगळ्यात एक गोष्ट निसटते. राग एका माशीत मोजता येत नाही, तो पोळ्यात घडतो. जीन रॉबिन्सन आणि रॉबर्ट पेज यांनी १९८८ मध्ये दाखवलं की एकाच पोळ्यात पहारा देणाऱ्या माश्या सगळ्या पोटघराण्यांतून सारख्या प्रमाणात येत नाहीत. काही बापांच्या मुली पहाऱ्यावर जास्त दिसतात. म्हणजे डझनभर बापांपैकी दोन-तीन तापट वंशाचे असले तरी दाराशी त्यांच्याच लेकी पुढे असू शकतात. गंध एकीने सोडला की बाकीच्याही सामील होतात. आफ्रिकीकृत माश्यांच्या पोळ्यात ठेवलेल्या युरोपीय माश्या एरवीपेक्षा जास्त डसतात, हेही पाहिलेलं आहे.

याहून नवलाचं निरीक्षण पोर्तो रिको बेटावरचं. तिथे आफ्रिकीकृत माश्या १९९४ च्या सुमारास पोचल्या आणि थोड्याच वर्षांत शांत झाल्या. बाकी गुण आफ्रिकीच, स्वभाव मात्र मवाळ. तिथल्या पोळ्यांवर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हल्ला करणाऱ्या ‘सैनिक’ माश्या आणि त्याच पोळ्यातल्या मकरंद आणायला जाणाऱ्या माश्या यांच्या जनुकांत म्हणावा असा फरक सापडला नाही. फरक सापडला तो पोळ्या-पोळ्यांत: एखाद्या जनुकाचं विशिष्ट रूप संपूर्ण पोळ्यात किती प्रमाणात आहे, त्यावरून त्या पोळ्याचा आक्रमकपणा सांगता येत होता. माशी स्वतः कोणती प्रत घेऊन जन्मली यापेक्षा तिच्या आजूबाजूला कोणत्या प्रती घेतलेल्या किती बहिणी आहेत, याला जास्त महत्त्व.

मधमाश्या पाळणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर या सगळ्याचा रोकडा अर्थ एका प्रसंगात दिसतो. आफ्रिकीकृत माश्यांच्या मुलखात कुणी शांत युरोपीय राणी पेटीत ठेवली आणि तिची मुलगी पुढे तिथेच राणी झाली, तर ती मुलगी बाहेर उडून आजूबाजूच्या नरांशी जुगते. ते नर आफ्रिकी वंशाचे असण्याची शक्यता मोठी. म्हणजे आई युरोपीय, बाप आफ्रिकी: नेमका तोच संकर जो प्रयोगात जास्त चिडका निघाला. म्हणून अशा भागांत शांत वंशाच्या, आधीच जुगलेल्या राण्या बाहेरून आणतात आणि ओळख पटावी म्हणून त्यांच्या पाठीवर रंगाचा ठिपका देतात. पेटी तपासताना ठिपका नसलेली राणी दिसली, तर माश्यांनी परस्पर राणी बदलली आहे असं धरून तिला काढतात आणि दुसरी देतात. तरीही पोळं लगेच निवळत नाही. कामकरी माशी अंड्यातून प्रौढ व्हायला २१ दिवस घेते आणि हंगामात त्यानंतर चार-सहा आठवडे जगते. आधीच्या राणीच्या मुली संपून नव्या राणीच्या मुली दाराशी उभ्या राहीपर्यंत दीड-दोन महिने जातात, आणि तोवर पेटी उघडताना जाळी आणि हातमोजे काढायचे नसतात.